सोलापूरची स्वस्ताई

ती. दादास,


पुण्याचं घर भाड्यानं देऊन सोलापुरात राहायचं, असा वहिनींचा विचार कळला. इथे घरभाडं कमी, भाजी स्वस्त, शेंगाचटणी नि कडक भाकरी हाकेच्या अंतरावर. सगळं खरं. पण ही स्वस्ताई येते कुठून? इथल्या स्वस्त मजुरीतून.

१८७७ साली इथे कापडगिरणी निघाली. लोक अजूनही तिला जुनी मिल म्हणतात. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांनी पूर्वभागात माग मांडले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, लक्ष्मी-विष्णू मिलही गेली, आणि हजेरीपटावरचं काम यंत्रमागाच्या शेडमध्ये नि घराच्या पडवीत आलं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. विणणाऱ्याच्या मजुरीला ते कोण देणार?

विडीचं काम तर घरातच. बाई कारखान्यातून तेंदूपान नि तंबाखू आणते. पान भिजवायचं, कात्रीनं मापात कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजार विड्यांवर. तपासणीत नापसंत ठरल्या, की तेवढे कष्ट पाण्यात. याच बायकांनी कामगारनेते आडम मास्तरांच्या पुढाकारानं भांडून शहराजवळच्या कुंभारीत १० हजार घरं मिळवली. शेजारीच असंघटित कामगारांचं ३० हजार घरांचं रे नगर उभं राहतंय. त्यातल्या पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४मध्ये मिळाल्या. सोलापुरात अभिमानानं दाखवावं असं काही असेल, तर माझ्या मते हे. स्मार्ट सिटीचे फलक नंतर.

तुमची पेन्शन पुण्याच्या पगारावर बेतलेली, खर्च मात्र इथल्या मजुरीच्या भावानं होणार. तेव्हा तुमचं छान चालेल. इथेच कमावून इथेच खर्चणाऱ्याचं तसं नाही.

विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३मध्ये पाडली, दोन वर्षांनी गोव्याचं विमान सुरू झालं. बरंच झालं. पण शिकलेली पोरं अजून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणंच गाठतात.

राहता राहिलं पाणी. शंभर टीएमसीहून मोठं उजनी धरण जिल्ह्याच्या उशाला, तरी शहरानं कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड नळ पाहिला. उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीच्या भरवशावर घर ठरवू नका. खाली हौद, वर टाकी असेल तरच मी मालकाशी बोलणी करतो. वहिनींना तसं सांगा, आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला या म्हणजे दोन-तीन जागा दाखवता येतील.

तुमचा,
धाकटा