भडला : वाळवंटातल्या उन्हाचा घरापर्यंतचा प्रवास

राजस्थानला जाणारे पर्यटक जयपूरचे महाल पाहतात, जोधपूरचा मेहरानगड चढतात आणि जैसलमेरच्या वाळूत उंटावर बसून फोटो काढून परततात. पण जोधपूर-जैसलमेर वाटेवरच्या फलोदीला उतरून थोडे उत्तरेकडे वळले, तर एक अगदी वेगळे राजस्थान पाहायला मिळते. तिथे किल्ला नाही, तलाव नाही, बाजारही नाही. आहे ते फक्त ऊन. आणि तेच ऊन आज तारांवरून शेकडो मैल दूरच्या घरांत पोहोचून पंखे फिरवते आहे. या जागेचे नाव भडला.

फलोदी पूर्वी जोधपूर जिल्ह्यात होते, २०२३ पासून तो स्वतंत्र जिल्हा झाला. १९ मे २०१६ या दिवशी इथे ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांत या गावाचे नाव झळकले. एरवी फलोदी ओळखले जाते ते मिठासाठी आणि निवडणूक असो की पाऊस, कशावरही पैजा लावणाऱ्या सट्टाबाजारासाठी!

फलोदी सोडून बापकडे निघालो की झाडे विरळ होत जातात. खेजडीची एकटीदुकटी झाडे, आकडा, केरची काटेरी झुडपे, मधूनच शेळ्यामेंढ्यांचा कळप आणि डोक्यावर रंगीत पागोटे बांधलेला मेंढपाळ. बापहून पुढे भडल्याच्या रस्त्याला लागलात, की क्षितिजावर निळसर काळे पाणी साचल्यासारखे दिसू लागते. मृगजळ असेल असे वाटते, पण जवळ गेल्यावर ते नाहीसे होत नाही. ती असते सौर पॅनेलांची रांग, आणि तिच्यामागे पुन्हा रांग, नजर पोहोचेल तिथपर्यंत.

चौदा हजार एकरांवरचे शेत

भडला सौर उद्यान सुमारे १४,००० एकरांवर पसरलेले आहे आणि त्याची क्षमता २,२४५ मेगावॅट आहे. जगातल्या मोठ्या सौर उद्यानांत त्याची गणना होते. पाऊस नावापुरता, आकाश वर्षातले बहुतेक दिवस निरभ्र आणि जमीन सपाट, हे इथले भांडवल. शेतीला जे शाप होते, तेच विजेला वरदान ठरले.

याच भडल्याने २०१७ मध्ये देशातल्या वीज व्यवहाराला धक्का दिला होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात इथल्या एका प्रकल्पासाठी प्रति युनिट फक्त २ रुपये ४४ पैसे दराची बोली लागली. सौरवीज म्हणजे श्रीमंतांची हौस, हा समज त्या दिवशी मोडला.

इथला मोठा शत्रू मात्र धूळ. आंधी आली की तासाभरात पॅनेलांवर धुळीचा थर बसतो आणि वीज घटते. पूर्वी टँकरच्या पाण्याने पॅनेल धुतली जात. पण ज्या मुलखात बायका डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करतात, तिथे काच धुवायला पाणी ओतणे किती दिवस चालणार? म्हणून अनेक कंपन्यांनी आता पाण्याविना चालणारे यांत्रिक झाडू बसवले आहेत. पॅनेलांच्या रांगेवरून ते सरकत जातात आणि कोरड्या ब्रशने धूळ झटकतात.

पॅनेलपासून प्लगपर्यंत

पॅनेल पाहून झाली की बहुतेकजण गाडी वळवतात. पण भडल्याची खरी गोष्ट पॅनेलांत नाही, ती तारांत आहे. जरा मान वर करून पाहा. मनोऱ्यांची रांगच्या रांग वाळवंट ओलांडून निघालेली दिसेल.

पॅनेलमधून निघणारी वीज एकदिश असते, टॉर्चच्या सेलसारखी. आपल्या घरातली वीज मात्र प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने करणारी. म्हणून सौरवीज प्रथम इन्व्हर्टरमधून जाते. मग ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवून ३३ हजार व्होल्ट करतो, पुढच्या उपकेंद्रात तो २२० हजार होतो, नंतर ४०० हजार आणि शेवटी ७६५ हजार. दाब जितका जास्त तितका प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी म्हणजे वाटेत उष्णतेच्या रूपाने होणारी गळतीही कमी. शहराजवळ आल्यावर उलटा प्रवास सुरू होतो. दाब पायरीपायरीने उतरतो आणि गल्लीतल्या डीपीतून २३० व्होल्ट होऊन तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरपर्यंत येतो.

आज हा सारा देश एकाच ग्रिडमध्ये ओवलेला आहे. या मालेतला शेवटचा मणी जोडला गेला तो आपल्या सोलापुरात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ हजार व्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे ग्रिड उर्वरित देशाशी एकजीव झाले. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी विजेची नाडी एकाच ठोक्यावर चालते.

विजेला साठवणीचे घर नाही

पण इथेच अडचण सुरू होते. धान्य कोठारात भरून ठेवता येते, पाणी धरणात अडवता येते. तारेतल्या विजेला मात्र थांबणे ठाऊक नाही. ज्या क्षणी जितकी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तितकीच तयार व्हावी लागते. तोल गेला की पन्नासचा ठोका चुकतो आणि तो फार चुकला तर यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतातली ग्रिड कोसळली तेव्हा सुमारे साठ कोटी लोक अंधारात होते. रेल्वेगाड्या रुळांवर थांबल्या होत्या आणि खाणीत मजूर अडकले होते.

याउलट एक आठवण अभिमानाची. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता आपण सर्वांनी नऊ मिनिटे दिवे मालवून पणत्या लावल्या होत्या. त्या काही मिनिटांत देशाची विजेची मागणी ३१ हजार मेगावॅटहून अधिक घसरली आणि लगेच पुन्हा चढली. देशभरच्या जलविद्युत केंद्रांतील अभियंत्यांनी जनित्रे झपाट्याने कमी-जास्त करून तो झोका झेलला. पणत्या लावणाऱ्या कोणाच्या ध्यानीमनीही ते आले नाही.

सौरवीज असा झोका रोज देते. सकाळी सूर्य चढतो तशी ती वेगाने वाढते, दुपारी ग्रिडमध्ये मावेनाशी होते आणि संध्याकाळी, नेमके जेव्हा घरोघरी दिवे, टीव्ही, एसी आणि शेगड्या सुरू होतात, तेव्हा हात झटकून निघून जाते. तेवढ्या तासाभरात औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांना धावत येऊन तिची जागा घ्यावी लागते. कोळशाचे केंद्र म्हणजे काही गॅसची शेगडी नव्हे, की बटण फिरवले आणि ज्योत मोठी झाली. ते तापायला आणि निवायला वेळ लागतो.

शिवाय औष्णिक केंद्रातील शेकडो टनांचे फिरते जनित्र हे जात्यासारखे असते. हात सोडला तरी ते काही काळ फिरत राहते आणि छोटे धक्के पचवते. सौर पॅनेलात फिरणारे काहीच नाही. म्हणून सौरवीज वाढते तशी हा आधार देणारी दुसरी यंत्रणा उभारावी लागते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन्ही देश काही सेकंदांत अंधारात बुडाले, ते विजेचा दाब काबूत न राहिल्याने. प्रगत देशांनाही हा धडा नवाच आहे.

आपल्याकडे यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडले जातात. प्रत्येक भागात किती वीज देणार याचा अंदाज सौर प्रकल्पांना आधी द्यावा लागतो. तो सांभाळण्यासाठी हवामानाचा माग ठेवणारी खास नियंत्रण केंद्रेही उभी राहिली आहेत. आंधी कोणत्या बाजूने येते आहे, हे आता भडल्याच्या मेंढपाळाइतकेच दूरच्या नियंत्रण कक्षातल्या अभियंत्यालाही महत्त्वाचे वाटते.

ऊन आहे, वाट नाही

जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौर क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. पण सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो आणि मोठ्या पारेषण वाहिनीला त्याहून बराच अधिक काळ लागतो. जमिनीचा हक्क, वनखात्याची परवानगी, शेतकऱ्यांची भरपाई, मनोरे, तारा... परिणामी २०२५ मध्ये राजस्थानातील काही प्रकल्पांना भरदुपारी, ऐन उन्हात, वीज देणे थांबवायला सांगण्याची वेळ आली. सुगी भरघोस आली, पण बाजाराला जाणारा रस्ताच अरुंद!

यावर दोन उपाय चालू आहेत. एक म्हणजे रस्ता रुंद करणे. भडल्याहून उत्तर प्रदेशातील फतेहपूरला आणि कच्छमधील खावड्याहून थेट नागपूरला प्रत्येकी सहा हजार मेगावॅट वाहून नेणाऱ्या उच्चदाबाच्या एकदिश वाहिन्या मंजूर झाल्या आहेत. दुसरा उपाय म्हणजे कोठार बांधणे. त्यासाठी मोठमोठ्या बॅटऱ्या बसवल्या जात आहेत. शिवाय दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी तेच खाली सोडून वीज करायची, अशी केंद्रेही बांधली जात आहेत. आपल्या सह्याद्रीत घाटघरला २००८ पासून असे केंद्र आहे.

माळढोकाचा रस्ता

या तारांची किंमत एका मुक्या पक्ष्यानेही मोजली आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झाले तो माळढोक, म्हणजेच राजस्थानी लोकांचा गोडावण. आता जगात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेल्या या पक्ष्यांतले बहुतेक याच वाळवंटात आहेत. शरीर जड, डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. मादी एका खेपेला सहसा एकच अंडे घालते, तेव्हा एक पक्षी गेला तरी फार मोठे नुकसान होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातील तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. पण इतक्या उच्च दाबाच्या तारा पुरणे अवघड आणि अतोनात खर्चाचे, अशी तक्रार झाली. २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. दरम्यान सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत माळढोकाची पिल्ले माणसाच्या देखरेखीखाली वाढवली जात आहेत.

माणसांचीही एक तक्रार आहे. सरकारी दप्तरात जी जमीन पडीक होती, तिच्यावर पिढ्यान् पिढ्या उंट-मेंढ्या चरत होत्या. दप्तरात नाव नाही, म्हणून भरपाईही नाही. पॅनेल बसल्यावर कुंपण पडले आणि चराईची वाट लांबली. काम मिळाले ते बहुतेक पहारा देण्याचे आणि साफसफाईचे. इथले लोक देवाच्या नावाने राखलेल्या रानाला ‘ओरण’ म्हणतात, आपल्या देवराईसारखे. १७३० मध्ये खेजडीची झाडे वाचवण्यासाठी जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवीसह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले, तो हाच मुलूख. स्वच्छ विजेसाठी ओरण आणि खेजडी तोडली जावीत का, हा प्रश्न त्यांनी विचारला तर त्यांना विकासाचे शत्रू म्हणता येणार नाही. शहराला वीज मिळते, तर तिच्या कमाईतला न्याय्य वाटा चराई गमावणाऱ्यालाही मिळायलाच हवा.

आपल्या घरी काय?

या बदलात गृहिणीचाही वाटा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एक कोटी घरांच्या छपरांवर पॅनेल बसवण्याचे उद्दिष्ट आहे. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किलोवॅट वा अधिकला ७८ हजार रुपये अनुदान ठरले आहे. दुपारी उरलेली वीज ग्रिडला जाते आणि मीटरवर तिची नोंद होते. मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्या. बॅटरी नसलेली साधी यंत्रणा ग्रिडची वीज गेली की स्वतःही बंद होते. हा बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून केलेली ती सोय आहे.

२०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून दिवसा उन्हाच्या वेळी वीज स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीत महाग ठेवण्याची तरतूदही केली. ती राज्याराज्यांत टप्प्याटप्प्याने लागू होते. पाण्याचा पंप, धुलाई यंत्र, गिझर, इस्त्री ही कामे दुपारकडे सरकवली तर बिलही हलके होईल आणि संध्याकाळचा ग्रिडवरचा ताणही.

जाण्यापूर्वी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात मुलांना घेऊन अजिबात जाऊ नका. जोधपूरहून जैसलमेरकडे जाणाऱ्या गाड्या फलोदीला थांबतात. तिथून भडल्यासाठी गाडी ठरवावी लागते. मुक्काम फलोदीलाच करा, कारण भडल्यात पर्यटकांची सोय नाही. प्रकल्पांना कुंपण आणि पहारा आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही, पण रस्त्यावरूनही पुष्कळ दिसते. पाणी, टोपी आणि खाणे बरोबर असू द्या. संध्याकाळी फलोदीत बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी जरूर खा.

दुसऱ्या दिवशी पहाटे अवघ्या काही किलोमीटरवरच्या खीचन गावी जा. हिवाळ्यात इथे मध्य आशियाकडून हजारो कुरजा, म्हणजे आपले कांड्या करकोचे, उतरतात आणि गावकरी त्यांना वर्षानुवर्षे दाणे घालत आले आहेत. २०२५ मध्ये खीचनला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. दाण्याच्या अंगणापासून थोडे दूर, आवाज न करता उभे राहा आणि मुलांना थवे मोजायला सांगा.