तिसरी पिन

संपादकांना खरं तर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं घर’ असा लेख हवा होता. मी घरोघर जाऊन कम्प्युटर दुरुस्त करतो. उद्याच्या घराचं मला काही ठाऊक नाही, पण आजच्या घरात चालता चालता स्क्रीन काळी होते, त्यावर लिहितो म्हटलं. ‘चालेल, पण फार तांत्रिक नको,’ असं बजावून त्यांनी फोन ठेवला. प्रयत्न करतो.

डोक्यातून जात नाही ती केस करंजाड्याची. पनवेलला लागून असलेला हा सिडकोचा नोड, नव्या विमानतळाच्या शेजारचा. तिथल्या एका ताई घरी बसून दुकानदारांची जीएसटीची विवरणपत्रं भरतात. महिन्याची वीस तारीख जवळ आली की त्यांच्याशी कुणी बोलायचं नसतं, आणि नेमकं तेव्हाच मॉनिटर तीन-चार सेकंद काळा व्हायचा. ‘नो सिग्नल’ अशी पाटी यायची आणि सगळं पुन्हा जिथल्या तिथे. मी पोहोचायच्या आधी विंडोज फॉरमॅट मारून झालं होतं, रॅम काढून खोडरबराने घासून झाली होती, नवा मॉनिटर आला होता आणि त्यामागून ग्राफिक्स कार्डही. दुखणं जागच्या जागी.

आमच्याकडे कुठलंही दुखणं असो, उपाय दोनच: फॉरमॅट मारा, नाहीतर पार्ट बदला. याचा मला मनापासून कंटाळा आलाय. ‘नो सिग्नल’ ही पाटी मॉनिटर स्वतः लिहितो. म्हणजे त्याची वीज शाबूत, आतला दिवा शाबूत, पडदा शाबूत. तो फक्त सांगतोय की माझ्यापर्यंत काही येत नाही. ही पाटी वाचून नवा मॉनिटर आणणाऱ्याला काय म्हणावं? पाटी न येता पडदा नुसताच काळा झाला, तर मात्र मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघावं. अंधुक अक्षरं दिसली तर मागचा दिवा गेलाय. ते दुखणं वेगळं.

दुसरी तपासणी कुणालाही करता येते. पडदा काळा असताना कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कम्प्युटर जिवंत आहे. दिवा ढिम्म असेल तर मशीन गोठलंय. मग रॅम, एसएमपीएस (कम्प्युटरचा पॉवर सप्लाय), ग्राफिक्स कार्ड यांच्याकडे वळायचं. ताईंच्या कीबोर्डचा दिवा लागत होता. शिवाय पडदा जाताना स्पीकरमधून ‘टुडुंग’ असा आवाज यायचा. यूएसबी काढल्यावर विंडोज जो आवाज करतं, तोच. केबलला कुणी हात लावलेला नसताना कम्प्युटरला वाटत होतं की मॉनिटर काढून घेतला.

इथे थोडं तांत्रिक व्हावंच लागेल. एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. अठराव्या पिनेवरून कम्प्युटर ५ व्होल्ट पाठवतो आणि एकोणिसावीवरून मॉनिटर ‘मी आहे’ म्हणून कळवतो. मग पंधरा आणि सोळावरून कम्प्युटर त्याचं नाव-गाव विचारतो: कोण तुम्ही, किती पिक्सेल, सेकंदाला किती चित्रं? उत्तर किमान १२८ बाइटचं असतं. ते समजलं की चित्र सुरू. एकोणिसावी पिन क्षणभर हलली की ही सगळी चौकशी पहिल्यापासून, आणि तोवर पडदा काळा.

जुनी व्हीजीए केबल, १९८७ सालची, निळ्या प्लगची आणि दोन स्क्रूंची, आजारी पडली तर तसं दिसायचं तरी. निळ्याची तार तुटली की पडदा पिवळा पडायचा, लांब केबलवर अक्षरांना सावल्या यायच्या. डिजिटल सिग्नलचं तसं नाही. साध्या १०८० पिक्सेलच्या पडद्यालासुद्धा सेकंदाला जवळजवळ साडेचार अब्ज बिट केबलमधून जातात. केबल कमकुवत होत जाते तरी चित्र लख्खच असतं. मग एखाद दिवशी थोडे ठिपके चमकतात आणि चित्र गायब. म्हणून रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट कमी करून बघायचं. तेवढ्याने दुखणं थांबलं तर संशय केबलवर. सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग केबलने रंग खुलतात, हे मात्र दुकानदाराचं म्हणणं. लांबी कमी, प्लग घट्ट आणि केबल लोंबकळत नाही, एवढं पुरे. एचडीएमआयला स्क्रू नसतो, केबलच्या वजनानेच प्लग हळूहळू सैल होतो.

ताईंची केबल मी बदलली. फरक पडला, पण थोडाच. नंतर त्या चहा टाकायला उठल्या आणि पडदा गेला. परत येऊन बसल्या, पुन्हा गेला. मी त्यांना उठा-बसा करायला लावलं. शेजारचे काका दारात उभे राहून माझ्याकडे संशयाने बघत होते.

गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून माणूस उठला की स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. तिचा झटका शेजारची केबल अँटेनासारखी पकडते आणि चित्र तुटतं. ही माझी कल्पना नाही. यूएसबीवरून पडदे चालवण्याचं तंत्र बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक या कंपनीने ग्राहकांसाठीच्या सूचनांत हे छापलेलं आहे. तरी ते सांगताना मी काकांकडे पाहायचं टाळलं. काकांचा सिद्धांत वेगळा होता: विमानतळ. रडारमुळे असं होतं म्हणे. मी म्हटलं, विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली २५ डिसेंबर २०२५ला, आणि ताईंची तक्रार त्याआधीच्या पावसाळ्यातली. काका म्हणाले, ‘हवाई दलाचं विमान ऑक्टोबर २०२४मध्येच उतरलं होतं, पेपरात फोटो होता.’ तारीख बरोबर होती. असल्या माणसाशी वाद घालणं अवघड.

पण खुर्च्या तर घरोघरी आहेत. सगळीकडे पडदे का जात नाहीत? आता माझा हट्टाचा विषय आला. संपादकांनी हवं तर कात्री लावावी.

आपल्या थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते, कारण प्लग घालताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी. ती अर्थिंगची. कम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर टाकलेले असतात, आतला विजेचा कचरा अर्थमध्ये सोडायला. अर्थच नसेल तर तो कचरा जाणार कुठे? पत्रा मधल्यामध्ये तरंगत राहतो, २३० व्होल्टच्या निम्म्यावर. कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येतात त्या याच. करंट अगदी थोडा, माणूस दगावत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण मॉनिटर वेगळ्या बोर्डवर असेल तर तो करंट एचडीएमआयच्या जाळीतून वाट काढतो. अशात चालू कम्प्युटरमध्ये केबल खुपसली की पोर्ट जळायची भीती. आणि तरंगत्या पत्र्याला बाहेरची ठिणगी, फ्रीजचा कॉम्प्रेसर, पंख्याचं बटण, काहीही पुरतं.

ताईंच्या बेडरूममधल्या सॉकेटवर मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २३२. फेज-अर्थही तितकंच हवं. इथे आकडा चाळीसवरून सत्तरवर, तिथून पंधरावर, नुसता भटकत होता. टेस्टर कॅबिनेटला टेकवला, पेटला. बोर्ड उघडला तर हिरवी वायर कापून, गुंडाळी करून आत कोंबलेली.

इलेक्ट्रिशियन म्हणतात, ‘अर्थिंग गिझरला लागते, कम्प्युटरला कशाला?’ आणि जास्त आग्रह धरला तर काही महाभाग सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला लूप मारतात. मीटरवर आकडा झकास येतो, गिऱ्हाईक खूश. मग एक दिवस न्यूट्रल तुटतो आणि अख्ख्या कॅबिनेटवर २३० व्होल्ट उभे राहतात. असा लूप दिसला की मी आधी तो तोडतो, मगच बाकीचं काम. यावर भांडणं झाली आहेत, पुढेही होतील.

ताईंच्या एसीच्या पॉइंटला अर्थ होती. तिथून वायर ओढून कम्प्युटर आणि मॉनिटर एकाच बोर्डवर घेतले. रोजचा त्रास गेला. खुर्चीवरून कितीही उठा-बसा केली तरी पडदा हलेना. काकांनी स्वतः बसून खात्री केली.

इथे लेख संपायला हवा होता, पण अधूनमधून, महिन्या-दोन महिन्यांनी, पडदा अजून जातो. खुर्चीची ठिणगी कोरड्या हवेत पडते. ताईंचं दुखणं सुरू झालं पावसाळ्यात, जेव्हा आपल्याकडे पापडसुद्धा कोरडा राहत नाही. म्हणजे दमट हवेत कार्डच्या पोर्टमधल्या पिनांना गंज चढत असेल, किंवा इमारतीची मूळ अर्थिंगच कच्ची असेल. दुसरी शक्यता मला जास्त पटते, कारण त्या चांगल्या पॉइंटवरही न्यूट्रल-अर्थमध्ये ११ व्होल्ट दिसले. दोन-तीनच्या आत असायला हवेत. अर्थात, आपल्या हट्टाच्या विषयाकडे बोट दाखवणारा पुरावा माणसाला नेहमीच जास्त पटतो, हेही मला कळतं.

खात्री करायची तर खाली अर्थिंगचा खड्डा तपासायला हवा. कोळसा-मीठ घालून पट्टी पुरलेली असते, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं असतं. वॉचमनला विचारलं, त्याला माहीत नाही. सेक्रेटरींनी इमारतीचा नकाशा काढून दाखवला. खड्डा पार्किंगमध्ये आहे, सोसायटीने हौसेने बसवलेल्या पेव्हर ब्लॉकच्या खाली. चार ब्लॉक उचलायचे म्हटलं तर कमिटीची मंजुरी लागते, आणि कमिटीत सध्या रंगाच्या कोटेशनवरून दोन तट पडले आहेत. ताईंनी अर्ज दिलाय. काकांनी त्यावर सही करायला नकार दिला. त्यांच्या मते हे काम विमानतळवाल्यांचं आहे.