तीन राजांच्या नगरीच्या वेशीवर

दरवर्षी ६ जानेवारी रोजी गोव्यात मांडवीच्या तीरावरील रेइश मागूश येथे तीन राजांचे फेस्त साजरे होते. मुकुट घातलेले तीन मुलगे राजांच्या वेशात मिरवत येतात आणि तो सोहळा अनेकदा पाहिलेली मोठी माणसेही पुन्हा लहान होऊन पाहू लागतात. त्याच तीन राजांचे अवशेष, परंपरेनुसार, जर्मनीतील कोलोन शहराच्या कॅथेड्रलमध्ये जतन केलेले आहेत. सन ११६४ मध्ये आर्चबिशप रायनाल्ड फॉन दासेल यांनी ते मिलान नगरीतून तेथे आणले. २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात या पवित्र स्थळी जाण्याचा योग आम्हांस लाभला. त्या यात्रेची हकिकत येथे सांगावयाची आहे. परंतु वाचकहो, तिचा बराचसा भाग कॅथेड्रलविषयी नसून मोटारीच्या काचेवर चिकटवावयाच्या एका लहानशा गोल चकतीविषयी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

सेमिनरीतील आमचे एक सोबती बेल्जियम देशात लिएज शहरानजीकच्या खेड्यांत धर्मगुरू म्हणून सेवा करीत आहेत. चार-पाच लहान गावांचा भार त्यांच्या एकट्याच्या शिरावर आहे. सकाळची मिस्सा एका गावात, दफनविधी दुसऱ्या गावात, आजाऱ्यास कम्युनियन तिसऱ्या गावात, असा त्यांचा दिनक्रम. या धावपळीसाठी त्यांच्याजवळ एक जुनी डिझेल मोटार होती. तिची पहिली नोंदणी २००४ सालची. एका वृद्ध शेतकऱ्याने ती त्यांना जवळजवळ फुकटच दिली होती. त्या मोटारीने एका शनिवारी पहाटे आम्ही दोघे कोलोनच्या वाटेस लागलो.

बेल्जियममधून जर्मनीत केव्हा शिरलो हे कळलेदेखील नाही. ना नाके, ना शिपाई, ना कोणी कागदपत्रे मागणारा. "दोन देशांमध्ये वेस म्हणून राहिलीच नाही," असे आम्ही कौतुकाने म्हणालो. आखेन शहराच्या अलीकडे डिझेल भरावयास थांबलो, तेव्हा पंपावरील तरुणाने मोटारीच्या समोरच्या काचेकडे निरखून पाहिले आणि विचारले, "आपण शहरात जाणार का? मग आपली चकती कोठे आहे?"

वेस होती तर! मात्र ती देशाच्या सीमेवर नव्हती, शहराच्या तोंडाशी होती.

जर्मन भाषेत या चकतीस 'उम्वेल्टप्लाकेट्टे' म्हणतात. 'उम्वेल्ट' म्हणजे आपल्या सभोवतीचा परिसर. मोटारींच्या, विशेषतः डिझेलच्या धुरात केसाच्या जाडीहूनही कितीतरी बारीक काजळीकण असतात. ते डोळ्यांस दिसत नाहीत, पण श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. अशा कणांचे हवेतील प्रमाण दिवसाच्या सरासरीने घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये, आणि वर्षातून ३५ दिवसांहून अधिक वेळा ही मर्यादा ओलांडली जाऊ नये, असा दंडक युरोपीय संघाने २००५ पासून घातला. तो पाळण्यासाठी जर्मनीने मोटारींची धुरावरून वर्गवारी केली. १ जानेवारी २००८ रोजी बर्लिन, कोलोन आणि हॅनोव्हर या तीन शहरांनी आपल्या मध्यभागाभोवती प्रथम अशी वेस घातली, आणि पाठोपाठ इतर अनेक शहरांनी त्यांचे अनुकरण केले. लाल वर्तुळाची पाटी, तिच्यावर 'उम्वेल्ट-झोन' हे शब्द आणि खाली चकतीचे चित्र, एवढीच त्या वेशीची खूण.

चकत्या तीन रंगांच्या: लाल, पिवळी आणि हिरवी. सर्वांत अधिक धूर ओकणाऱ्या मोटारीस चकतीच मिळत नाही. आरंभी लाल चकतीवाल्यांसही प्रवेश असे. पुढे लाल वगळली, मग पिवळी वगळली, आणि आम्ही गेलो त्या वेळी कोलोनमध्ये केवळ हिरवीच चालत होती. चकतीवर गाडीचा क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहिलेला असतो, त्यामुळे एकाची चकती दुसऱ्यास लावता येत नाही. किंमत अगदी थोडी, परीक्षण केंद्रावर पाच-सात युरोंच्या घरात. आणि एकदा घेतली की तोच क्रमांक असेपर्यंत ती देशभर चालते. चकतीविना आत शिरल्यास दंड मात्र शंभर युरो. मोटार नुसती रस्त्याकडेला उभी असली तरी तो चुकत नाही. रुग्णवाहिका, दुचाक्या, शेतीचे ट्रॅक्टर आणि तीव्र अपंग व्यक्तींना नेणाऱ्या गाड्या यांना माफी आहे. परदेशी मोटारीस मात्र कसलीच माफी नाही. धुराला राष्ट्रीयत्व नसते, हे जर्मन कायद्याने बरोबर ओळखले आहे.

पंपावरील तरुणाने दाखविलेल्या वाटेने आम्ही शहराबाहेरच्या एका परीक्षण केंद्रावर गेलो. तेथील बाईंनी नोंदणीपत्र हाती घेतले आणि दोनच गोष्टी पाहिल्या: इंधन कोणते आणि पहिली नोंदणी केव्हाची. परदेशी मोटारीचा वर्ग कागदावर लिहिलेला नसेल, तर तो नोंदणीच्या तारखेवरून ठरवितात. डिझेल मोटार २००६ किंवा त्यानंतरची असेल तर हिरवी चकती. २००१ ते २००५ मधील असेल तर पिवळी. त्याआधीची चार वर्षे लाल. पेट्रोलची मोटार १९९३ पासूनची असली तरी तीस हिरवी मिळते. "आपली मोटार २००४ ची," बाई नम्रपणे म्हणाल्या, "काजळी अडविणारी गाळणीही तीस बसविलेली नाही. पिवळी देता येईल, पण तिचा आज आपणांस काही उपयोग नाही."

आम्ही धर्मगुरू आहोत, तीन राजांच्या दर्शनास निघालो आहोत, भारतातून आलो आहोत, असे सारे काही आम्ही सांगून पाहिले. बाई हसल्या. म्हणाल्या, "फादर, तीन राजे उंटावरून आले होते. उंटास चकती लागत नाही. आपण आगगाडीने जा."

मोटारीत येऊन बसल्यावर आमच्या सोबत्यास थोडे वाईट वाटले. "माझी ही लहानशी गाडी आत जाऊ शकत नाही," तो म्हणाला, "आणि हिच्या दुप्पट तेल पिणारी श्रीमंताची नवी गाडी हिरवी चकती लावून खुशाल जाते. गरिबाने काय करावे?" त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. कोणताही नवा नियम आला की जुन्या वस्तूवर भागविणाऱ्या माणसास त्याची झळ प्रथम लागते.

त्याची ती खिन्नता पाहून आम्ही जे बोललो, ते येथे लिहिताना संकोच होतो. पण लिहिले पाहिजे. आम्ही म्हणालो, "अरे, एका दिवसाचा तर प्रश्न! गाडी बेल्जियमची, आपण परके, समोर काचेजवळ क्रूस टांगलेला. आपल्याला कोण अडविणार आहे? चल, जाऊ या."

तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दंड भरता येईल रे. पण उद्या रविवार. उद्या मला वेदीवरून लोकांना शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणून सांगायचे आहे. या गावचा शेजारी मला सांगतो आहे की हा धूर माझ्या दारात आणू नकोस. त्याचे ऐकायचे नाही, तर मग शेजारी म्हणजे कोण?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. वाटेतील एका लहान गावाच्या स्थानकाबाहेर मोटार उभी करून आम्ही आगगाडीत बसलो.

खिडकीबाहेर बीटाची सपाट शेते मागे पळत होती. परंतु आमचे मन आपल्या गावी गेले होते. आमच्या धर्मग्रामाची एक जुनी जीप आहे. रविवारी वाड्यावस्त्यांवरील मुलांना ती धर्मशिक्षणास आणते, रात्री-अपरात्री आजाऱ्यांस इस्पितळात नेते. आमच्याकडेही धुराची तपासणी कायद्याने सक्तीची आहे, पी.यू.सी. दाखला म्हणतात तो हाच. त्या वर्षी दाखल्याची मुदत संपली तेव्हा आम्ही एका तपासणी केंद्रावर गेलो. तेथील मुलाने नंबरपाटीचे छायाचित्र काढले, यंत्रातून कागद बाहेर आला आणि आमच्या हाती पडला. तपासणीची नळी सायलेन्सरमध्ये गेलीच नाही. आम्ही पैसे दिले, वर आभार मानले आणि वेळ वाचला म्हणून समाधानाने परतलो. त्याच जीपमागे वाडीवरची मुले "फादर, फादर" म्हणत काळ्या धुरात धावत येतात, आणि आम्ही काचेतून हात हलवितो. ते दृश्य परमुलखातील त्या आगगाडीत प्रथमच डोळ्यांपुढे स्पष्ट उभे राहिले. कोलोनच्या वेशीवर आम्ही जे करावयास निघालो होतो, ते घरी केव्हाच करून बसलो होतो.

कोलोनच्या मुख्य स्थानकातून बाहेर पाऊल टाकताच कॅथेड्रल समोर उभे राहते. मान मागे टाकली तरी शिखर नजरेत मावत नाही. १२४८ साली पायाचा दगड बसविला, १८८० साली बांधकाम पुरे झाले. ६३२ वर्षे! त्याचे दोन मनोरे सुमारे १५७ मीटर उंच आहेत. परंतु प्रथम मनात भरते ती त्याची उंची नव्हे, काळेपणा. पावसाने, कोळशाच्या, कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुराने तो दगड काळवंडला आहे, ठिकठिकाणी झिजला आहे. पाथरवटांची एक कायमची शाळाच तेथे आहे; एका बाजूची डागडुजी संपते तोवर दुसरी बाजू हाताशी येते. दगडाची ही गत, तर तान्ह्या बाळाच्या फुप्फुसाची काय होत असेल? आत मुख्य वेदीच्या मागे सोन्याची, चर्चच्याच आकाराची ती प्रसिद्ध पेटी आहे. तिच्यापुढे आम्ही दोघांनी गुडघे टेकले. त्या दिवशी आम्ही काय मागितले, हे वाचकांनी ओळखले असेलच.

चकती म्हणजे पुण्याचे प्रमाणपत्र नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ती मुख्यत्वे काजळीकणांचा हिशेब करते. डिझेलमधून निघणाऱ्या नायट्रोजनच्या विषारी वायूंविषयी ती फारसे बोलत नाही. आणि काटेकोर म्हणून नावाजलेल्या त्याच जर्मनीत फोक्सवागन कंपनीने परीक्षणाच्या वेळी धूर कमी दाखविणारी युक्ती मोटारींत बसविली होती, हे २०१५ च्या सप्टेंबरात उघड झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ती युक्ती होती. नळी न घालता दाखला देणारा आपल्याकडील मुलगा आणि ते विद्वान अभियंते यांच्यात पापाच्या दृष्टीने अंतर ते किती? यंत्र खोटे बोलत नाही. यंत्रामागचा माणूस बोलतो.

तरीही त्या वेशी व्यर्थ गेल्या नाहीत. इंजिने सुधारली, जुन्या गाड्या गेल्या, शहरांची हवा निवळली. प्रथम वेस घालणाऱ्या तीन शहरांपैकी हॅनोव्हरने २०२४ साली आपली वेस काढूनही टाकली, कारण हवा मर्यादेत आली होती. आपल्याकडेही २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील गाड्यांसाठी रंगीत चकत्यांस मान्यता दिली: पेट्रोल व सी.एन.जी.साठी फिकट निळी, डिझेलसाठी नारिंगी. २०१५ च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी बजावले होते की दूषित हवेची पहिली झळ गरिबांनाच बसते. आमच्या सोबत्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे. जुनी गाडी गरिबाची असते हे खरे. पण हमरस्त्याला लागून घर असते तेही गरिबाचेच.

उरलेले अर्धे उत्तर त्यानेच पुढे दिले. २०२१ साली त्याने एक जुनी पेट्रोल मोटार अल्प किमतीत मिळविली आणि काचेवरील हिरव्या चकतीचे छायाचित्र आम्हांस धाडले. नियम नवी गाडी मागत नव्हता, स्वच्छ गाडी मागत होता.

आणि आमची जीप? घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ती दुसऱ्या केंद्रावर नेली आणि नळी घालूनच तपासा, असा आग्रह धरला. जीप नापास झाली. मेकॅनिकने नोझल साफ केले, एअर फिल्टर बदलला. चर्चच्या वहीत साडेचार हजार रुपये खर्ची पडले. समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "फादर, दाखला तर होता ना आपल्याजवळ?" आम्ही म्हणालो, "होता. पण तो खोटा होता, आणि आम्हांस ते ठाऊक होते."

तीन राजे बेथलेहेमहून परतताना हेरोदाकडे न जाता दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले, असे शुभवर्तमान सांगते. आमची परतीची वाट तीच जुनी होती, तोच घाट, तीच तांबडी धूळ. आता रविवारी जीप सुटली की मुले पूर्वीसारखीच मागे धावतात. आम्ही आरशात पाहतो, आणि ती आता स्पष्ट दिसतात.