नववीचं वर्ष

फास्टर फेणे संपला की मराठी घरातलं मूल थेट 'मृत्युंजय' हातात घेतं. निदान आमच्या वेळी तरी तसंच होतं. बन्या फेणेच्या सायकलवरून उतरून कर्णाच्या रथात चढायचं, आणि तेही चौदाव्या वर्षी. छाती भरून यायची, हे खरंच. पण फुटलेला आवाज, वर्गातली ती एक मुलगी, बाबांशी हळूहळू तुटत गेलेलं बोलणं, याबद्दल कर्णाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या अडचणी मोठ्या होत्या.

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ सालची. त्याच वर्षी अमेरिकेत 'द आउटसायडर्स' आली. नववीतल्या भाचीच्या कपाटातून ती मी परवा उचलली आणि मग तिथल्या तसल्याच आणखी काही. एस. ई. हिंटनने ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात शाळेत जात होती. टोळ्यांच्या हाणामाऱ्या एका मुलीने लिहिल्यात म्हटल्यावर समीक्षक नाकं मुरडतील, म्हणून प्रकाशकांच्या सल्ल्याने मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं आली.

गोष्ट सांगतो चौदा वर्षांचा पोनीबॉय. आईवडील अपघातात गेलेले, घर थोरला भाऊ चालवतो, आणि गावात गरीब पोरं विरुद्ध श्रीमंत पोरं असं उघड वैर. एका रात्री पोनीबॉयला कारंज्याच्या पाण्यात बुडवू पाहणाऱ्या टोळक्यातल्या एका मुलाला त्याचा मित्र जॉनी भोसकतो. दोघं पळतात आणि एका ओसाड चर्चमध्ये लपतात. ओळख पटू नये म्हणून जॉनी चाकूने पोनीबॉयचे लांब केस कापतो, वर रसायन लावून त्यांचा रंग उडवतो. इथे मी बराच वेळ थांबलो. एक जीव गेलाय, पोलीस मागावर आहेत, आणि हा पोरगा हळहळतोय केसांसाठी! तेलाने चोपून बसवलेले केस हीच त्याच्या वस्तीतल्या पोरांची कमाई. चाळिशीतल्या लेखकाला हे सुचलंच असतं, तर त्याने मिशीतल्या मिशीत हसत लिहिलं असतं. हिंटन हसत नाही. केस गेले म्हणजे काय गेलं, हे त्या वयात तिला सांगावं लागत नव्हतं.

लॉरी हॅल्स अँडरसनची 'स्पीक' १९९९ची. लेखिका प्रौढ, पण तीही हसत नाही. नायिका मेलिंडा नुकतीच नववीत गेलेली. सुट्टीतल्या एका पार्टीत तिने पोलिसांना फोन केला, पार्टी उधळली, आणि आता अख्खी शाळा तिच्यावर खार खाऊन आहे. फोन का केला, हे मात्र कुणी विचारत नाही. त्या रात्री एका मोठ्या मुलाने तिच्यावर बळजबरी केली होती. ते शब्दांत यायला जवळजवळ सगळं पुस्तक जावं लागतं. तोवर मेलिंडा ओठ चावत राहते, सफाई कामगारांच्या एका विसरलेल्या खोलीत दडून बसते आणि शाळेवर इतकं बोचरं बोलते की आपण हसतो आणि लगेच ओशाळतो. आईवडील स्वयंपाकघरात चिठ्ठ्या ठेवून तिच्याशी बोलतात. सणाच्या दिवशी आई टर्की बिघडवते, तर ही तिची हाडं शाळेत नेऊन त्यातून शिल्प करते. त्यात एका बाहुलीचं डोकं, आणि तोंडावर चिकटपट्टी. कुठल्याही समुपदेशकाच्या अहवालापेक्षा ती चिकटपट्टी जास्त बोलते. तिकडे हे पुस्तक शाळांमधून हटवावं म्हणून पालकांनी अनेकदा ओरड केली आहे. ती ओरड वाचली की चिठ्ठ्यांवर भागवणारे ते आईवडील आठवतात.

दोन्ही कादंबऱ्यांत मुलाला हात मिळतो तो शिक्षकाकडून, आणि तोही उपदेशाने नव्हे, गृहपाठाने. चित्रकलेचे सर मेलिंडाला वर्षभरासाठी एकच विषय देतात, झाड. बदलून मागितला तरी देत नाहीत. पोनीबॉयला इंग्रजीत पास व्हायला निबंध लिहायचा असतो. शेवटी कळतं, आपण वाचलं ते पुस्तक म्हणजेच तो निबंध. आम्हाला 'सूर्य उगवला नाही तर' हा विषय असायचा.

मराठीत काहीच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) आहे. आणीबाणीच्या काळातला, शिरोडकर नावाच्या मुलीवर जीव जडलेला नववीतला मुकुंद जोशी स्वतःच बोलतो, त्याच्या खांद्यावरून कुणी मोठा माणूस डोकावत नाही. नरूमामा त्याच्याशी बरोबरीने बोलतो, तेवढंच. पण मला ती वाचायला सांगणारे सगळे चाळिशी ओलांडलेले होते आणि सांगताना प्रत्येकाचे डोळे स्वतःच्या जुन्या वर्गाकडे लागलेले होते. पुस्तक चौदा वर्षांच्या मुलाचं, त्यावर ताबा आमचा. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधल्या लंपनचंही आम्ही तेच केलं. आठवणींचा हा हव्यास मला आता थोडा आप्पलपोटा वाटू लागलाय.

म्हणून 'शाळा' भाचीला दिली. तिने ती चार दिवसांत संपवली. आवडली का विचारल्यावर म्हणाली, "आवडली रे मामा. पण शिरोडकरला नक्की काय वाटत होतं?"

मी जोशीची बाजू घेऊन काहीतरी बोललो. ही गोष्ट त्याची आहे, त्याला दिसेल तेवढीच ती दिसणार, वगैरे. ते खरंही आहे, आणि बोकिलांनी ती मर्यादा चोख पाळली आहे. पण मेलिंडानंतर 'शाळा' चाळली तेव्हा मलाही शिरोडकरच्या मागे चालणारी पोरंच आधी दिसली. तिची वाट, तिच्या वेळा, तिच्या मैत्रिणी, सगळं त्यांना पाठ. ती घरी गेल्यावर काय सांगत असेल, कुणाला सांगत असेल? हसली असेल, की घाबरली असेल, की दोन्ही?

शिरोडकरच्या बाजूचं हे पुस्तक कुणीतरी मराठीत लिहायला हवं. माझ्या वयाच्या माणसाने मात्र नको. सोळा-सतराची कुणी लिहील तर बरं, आणि तिने लिहिलंच, तर आधी संस्कारांची तपासणी करायला आम्ही रांगेत पुढे नसावं.