खिळ्यांची फळी

थोरल्याच्या मुलाने आम्हा दोघा भावांना अलमेडाला नेले. ओकलंड शहराला लागून, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतले हे बेट. तिथे पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आहे. एरवी म्युझियमात 'हात लावू नये' ही पाटी आधी दिसते. इथे जुनी यंत्रे खेळण्यासाठीच मांडलेली. दारात एकदा पैसे भरायचे, मग आत नाणे टाकावे लागत नाही.

तिरक्या काचेखाली खिळे, खाचा आणि पोलादी गोळी. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की गोळी वर जाते आणि आपटत, घरंगळत खाली येते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. ही तर आमचीच फळी!

लहानपणी आमच्या घरी लाकडी बॅगाटेल होते. पिनबॉल त्याचाच वंशज. स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट अमेरिकेत १८७१ साली माँटेग्यू रेडग्रेव्हने घेतले. आमच्या गावच्या उरुसात एक माणूस तशीच मोठी फळी मांडून बसे. पैसे लावायचे, गोळी सोडायची. एका वर्षी आम्ही सगळी ईदी तिथे हरलो. अब्बांनी मारले नाही. घरातली फळी उचलून चुलीत घातली. "पैसा लागला की खेळाचा जुगार होतो," एवढेच म्हणाले. त्या रात्रीच्या भाकऱ्या तिच्यावरच भाजल्या. घरच्या फळीवर आम्ही कधी पैसा लावला नव्हता. तो सल राहिला.

न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनीही १९४२ साली हेच केले. पिनबॉलवर बंदी आली, जप्त केलेली यंत्रे घणाने फोडली गेली. त्यांचे अगदीच चुकत होते असे नाही. तेव्हा गोळी सोडल्यावर खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नसे, बाकी नसीब. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'त विजेवर चालणारे फ्लिपर आले. बटण दाबले की ते गोळीला परत वर मारतात. नसिबाच्या खेळात मेहनतीला जागा मिळाली. तरी बंदी उठायला १९७६ साल उजाडले. रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या लोकांसमोर खेळून, गोळी कुठून जाणार हे आधी सांगून, कौशल्य सिद्ध केले.

आम्ही तासभर खेळलो. यंत्राला जरा धक्का दिलेला चालतो. जास्त हलवले तर आतला लोलक कड्याला टेकतो, 'टिल्ट'चा दिवा लागतो आणि डाव बाद. आमचे बरेच डाव असेच गेले. मग एकदा आतून 'ठक्' असा आवाज आला. जादा डाव मिळाला होता. इथे सगळेच डाव फुकट, तरी आम्ही पोरांसारखे हसलो.

बाहेर पडताना धाकटा म्हणाला, "अब्बांनी फळी जाळायला नको होती."

थोरला थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण ईदी आपणच हरलो होतो."