तुझ्या मैत्रिणीचं कूळ

प्रिय लेकी,

तुझी रूममेट सोमालीलँडमधल्या हर्गेसा शहराची, इसाक या सोमाली कुळातली. मूळ पुरुषापर्यंतची नावं ती न अडखळता म्हणते, याचं तुला कौतुक वाटलं आणि लगेच शंकाही आली: ही त्यांची जातच ना? फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

सोमाली मुलांकडून वंशावळ घरातच पाठ करून घेतात. इसाक लोक शेख इसहाक यांना मूळ पुरुष मानतात. ते अरबस्तानातून आले अशी परंपरा आहे. त्यांची कबर मैध या किनाऱ्यावरच्या गावी आहे. हबर अवल, हबर जेलो, गरहाजिस या त्यांच्या वंशाच्या शाखा. बेभरवशाचा पाऊस, उंटांमागे भटकणं, जवळ ना पोलीस ना कोर्ट, अशा मुलखात ही नावंच माणसाचं संरक्षण होती. पुरुषाचा खून झाला तर भरपाई १०० उंटांची, आणि ती खुन्याच्या साऱ्या भाऊबंदांनी मिळून भरायची. त्यामुळे तापट पोराला आवरणं हे सगळ्यांचंच काम होतं. तंटा वडीलधारे झाडाखाली बसून सोडवत. लग्नानंतरही बाई बापाच्याच कुळाची राहते, म्हणून दोन कुळांच्या भांडणात निरोप घेऊन जाणं तिला शक्य होई.

हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. तिथल्या बर्बेरा बंदरातून जाणाऱ्या मेंढ्यांवर एडनची ब्रिटिश छावणी जगत असे, आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. ब्रिटिश सोमालीलँडमध्ये दुसऱ्या महायुद्धापर्यंत आपला रुपया चालायचा.

आता तुझ्या मैत्रिणीच्या शहरावर १९८८ साली जे ओढवलं त्याबद्दल. सोमालियातल्या सियाद बारे यांच्या लष्करी राजवटीविरुद्ध प्रामुख्याने इसाक मंडळींनी १९८१ मध्ये लंडनला सोमाली नॅशनल मूव्हमेंट स्थापन केली होती. तिच्या सैनिकांनी बुराओ आणि हर्गेसावर चाल केली, तेव्हा सरकारनं आपल्याच शहरांवर बॉम्ब टाकले. विमानं हर्गेसाच्याच विमानतळावरून उडत होती. हजारो माणसं केवळ इसाक म्हणून मारली गेली, लाखो लोक जीव घेऊन इथिओपियात गेले. त्या धामधुमीत रेडिओ हर्गेसाच्या माणसांनी गाण्यांच्या टेप जमिनीत पुरून वाचवल्या.

१९९१ मध्ये बारे यांची सत्ता कोसळली. शस्त्रं इसाकांच्या हातात होती आणि शेजारची काही कुळं सरकारच्या बाजूनं लढलेली होती. सूड घेणं सोपं होतं. तरी बुराओला सगळ्या कुळांचे वडीलधारे एकत्र बसले आणि त्यांनी समेट केला. १९९३ मध्ये गदाबूर्सी कुळाच्या बोरामा गावी कित्येक महिने बैठक चालली. वेगळ्या झालेल्या सोमालीलँडच्या राज्यकारभाराची घडी तिथे बसली. वडीलधाऱ्यांची सभा, गुर्ती, संसदेचं वरिष्ठ सभागृह झाली. इसाक कुळाबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९४ मध्ये इसाकांच्याच शाखा एकमेकांवर उठल्या. बोरामात मत देणारे सगळे पुरुष होते. आणि चामड्याचं, लोखंडाचं काम करणाऱ्या गबोये लोकांशी इतर कुळं आजही सहसा सोयरीक करत नाहीत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: इसाक ही जात नाही, ते रक्ताच्या नात्यानं बांधलेलं कूळ आहे, पण जातीसारखी वागणूक गबोयांच्या वाट्याला नक्कीच आली आहे.

म्हणून मैत्रिणीला ‘तुमच्यात इतकी भांडणं का?’ असं विचारू नकोस. आधी तिच्या घरच्यांनी १९८८ मध्ये काय सोसलं ते ऐक. पुढे ओळख मुरली की गबोयांबद्दलही विचार. ती आपल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांबद्दल विचारेल, तेव्हा काही न लपवता खरं सांग.

तुझी,
आई