उग्र दिसणारी गाठ

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात पेशंटचं पुढे काय होणार, हे दोन गोष्टींवर ठरतं, असं मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून कित्येक वर्षं ठामपणे मानत आले. गाठ कुठवर पोचली, म्हणजे स्टेज. आणि मायक्रोस्कोपखाली ती किती बिघडलेली दिसते, म्हणजे ग्रेड. अमेरिकेतल्या टीसीजीए प्रकल्पाने 2013 मध्ये या कर्करोगाचे जनुकांवरून चार गट पाडले, तेव्हा श्रीमंत देशांचे चोचले म्हणून मी तो विषय बाजूला सारला. आपल्याकडे काढलेली पिशवी पुरेशा फॉर्मालिनमध्ये बुडून लॅबपर्यंत आली तरी मिळवली; तिथे जनुकं कुठली वाचता!

मत बदललं ते 2020 मध्ये, 'पोर्टेक-3' या उपचार-चाचणीचे आकडे वाचून. त्यातल्या सगळ्या स्त्रिया जास्त जोखमीच्या. ऑपरेशननंतर काहींना नुसतं रेडिएशन, काहींना सोबत केमो. पाच वर्षांनंतरही आजार न उलटलेल्यांचं प्रमाण पी53 हे जनुक बिघडलेल्या गटात 48 टक्के, तर पोल या जनुकात बदल असलेल्या गटात 98.

हा दुसरा आकडा मला पचेना. पोलची गाठ बऱ्याचदा ग्रेड 3 असते. स्लाइडवर वेडीवाकडी केंद्रकं, मधूनच एखादी राक्षसी आकाराची पेशी, जिकडे बघावं तिकडे विभाजन. अशी स्लाइड पाहिली की मी रिपोर्ट लिहितानाच त्या बाईची आशा सोडून द्यायचे. गाठीभोवती लिम्फोसाइट्सची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची, झुंबडही दिसायची, पण तिकडे कोण लक्ष देतं? आता उलगडा होतो. डीएनएची नक्कल होताना मुद्रितशोधन करणारी यंत्रणाच या पेशींत बंद पडलेली असते. चुकांचा ढीग इतका साचतो की शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशींना परकं ठरवून त्यांच्यावर तुटून पडते, असं मानलं जातं.

पी53चं उलट, तिथे आजार उलटण्याची भीती मोठी. पी53ची तपासणी तपकिरी रंगाने करतात. तीत एरवी काही केंद्रकं फिकी, काही गडद दिसतात. बिघाड असला की बहुधा सगळी गडद होतात, नाहीतर एकही रंगत नाही. याच गटात रेडिएशनला केमोची जोड दिल्यावर आजार न उलटण्याचं प्रमाण 36 वरून 59 टक्क्यांवर गेलं. म्हणजे हे चोचले नव्हेत, उपचार यावर ठरतात. 2023 मध्ये फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने तर स्टेजच्या व्याख्येतच हे गट घेतले: गाठ गर्भाशयापुरती असली, पण स्नायूत शिरलेली आणि पी53 बिघडलेली असेल, तर ती आता दुसऱ्या स्टेजमध्ये मोजतात.

स्टेजचं महत्त्व संपलं असं मात्र मी म्हणणार नाही. लवकर सापडलेल्या गाठीची सर अजून कशालाच नाही. पोलची तपासणी महाग, सगळीकडे होतही नाही. पण पी53 आणि एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा) साध्या रंगतपासणीत कळतात. एमएमआरमध्ये दोष निघाला तर तो आनुवंशिक आहे का, हेही बघावं लागतं, कारण मग बहिणी-मुलींचाही प्रश्न येतो.

तेव्हा घरात कुणाचा असा रिपोर्ट आला, तर त्यात या दोन तपासण्या आहेत का ते बघा. नसतील तर डॉक्टरांना विचारा. मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये असतो, त्यावर त्या नंतरही करता येतात. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, तर 'उष्णतेने असेल' म्हणत घरी बसू नका. या आजाराच्या दहातल्या नऊ जणींना आधी तेवढंच दिसलेलं असतं.